वाचकांचे प्रश्न : मांजरासाठी दारात झडप

मांजराला येण्याजाण्यासाठी दाराच्या खालच्या भागात बसवायच्या झडपेबद्दल या महिन्यात बरीच पत्रं आली. बाजारात तिला 'कॅट फ्लॅप' म्हणतात. वरच्या कडेला अडकवलेलं, आत-बाहेर दोन्हीकडे हलणारं हे छोटं दार मांजर डोक्यानं ढकलतं, आणि मागे ते आपोआप बंद होतं. एकदा कापलेलं दार पुन्हा सांधता येत नाही, म्हणून मापं आणि जागा यांवर आम्ही जास्त लिहिलं आहे.

प्रश्न : आमचं पुढचं दार सागवानी, पॅनेलचं आहे. त्याच्या बाहेर जाळीचं सेफ्टी डोअर आहे. सुतार म्हणतो, खालच्या पॅनेलला अर्ध्या तासात भोक पाडून देतो. कुठे आणि केवढं पाडायला सांगू? (लातूर)

पुढचं दार कापू नका. झडप १८ सेमी उंच असेल तर ती उघडताना १८ सेमी बाहेर येते. मुख्य दार आणि सेफ्टी डोअर यांच्यात चार बोटांचंच अंतर असतं, त्यामुळे झडप जाळीवर आपटेल आणि मांजर मधेच अडकेल. दुसरं कारण सुरक्षिततेचं. आपल्याकडच्या दारांना आतून खाली एक बोल्ट असतो. झडपेतून हात घातला तर तो सहज काढता येतो. कडी, बोल्ट, कुलूप यांपैकी काहीही झडपेपासून ८० सेमीच्या आत नको.

परसदाराचं किंवा स्वयंपाकघरामागचं दार निवडा. तिथे सेफ्टी डोअर नसतं, वर्दळ कमी असते आणि मांजराचा रस्ताही बहुधा तोच असतो. त्या दाराचा खालचा बोल्ट काढून वर बसवून घ्या.

आता मापं. मांजर उभं असताना जमिनीपासून पोटापर्यंतची उंची घ्या, मोठ्या मांजरात ती साधारण १२ ते १४ सेमी भरते. भोकाची खालची कड या उंचीला किंवा एक-दोन सेमी खाली हवी. छातीच्या रुंद भागाचं माप घेऊन त्यात ३ सेमी मिळवा, ती भोकाची किमान रुंदी. बहुतेक मांजरांना १७ ते १८ सेमी रुंद आणि १८ ते २० सेमी उंच भोक पुरतं. थोराड बोका असेल तर त्याच्यावरूनच माप घ्या. तयार झडप आणली असेल तर तिच्या खोक्यातला कागदी साचा प्रमाण माना, कारण प्रत्येक कंपनीचं कापायचं माप वेगळं असतं.

इथे एक अडचण हमखास येते. पॅनेलच्या दाराची खालची आडवी पट्टी २० सेमीच्या आसपास रुंद असते. ती आणि उभ्या पट्ट्या दाराचा सांगाडा आहेत, सांधे त्यांच्यात आहेत. त्यांना करवत लावली की दोन-तीन पावसाळ्यांत दार लोंबतं. म्हणून भोक पूर्णपणे पॅनेलमध्येच घ्या. मग ते मांजराच्या पोटापेक्षा आठ-दहा सेमी वर जातं. आत एक वीट आडवी ठेवली की साडेसात सेमी भरून निघतात. बाहेरची पायरी बहुधा आणखी खाली असते, तिथे दोन विटांचा ओटा करा. बाहेर पडताना पाय टेकायला जागा नसेल तर मांजर झडपेत अर्धं थांबतं आणि शेपटी चिमटते.

सागवानी पॅनेल खाचेत मोकळं बसवलेलं असतं, कारण लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. झडपेच्या चौकटीचे स्क्रू फक्त पॅनेललाच लागले पाहिजेत. एक स्क्रू पॅनेलला आणि एक पट्टीला लागला की एप्रिल-मेमध्ये पॅनेल उभं तडकतं. दोष लाकडाला दिला जातो, पण चूक स्क्रूची असते. पॅनेल मधे जाड आणि कडेला उतरतं असेल तर चौकट सपाट बसत नाही. त्या फटीत लाकडी पातळ पट्टी भरा, सिलिकॉनचा थर चढवू नका.

कापताना दाराखाली पाचर मारून ते हलणार नाही असं करा. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप चिकटवून त्यावर गुण्यानं रेघा मारा, म्हणजे सालपं निघत नाहीत. चारही कोपऱ्यांत, रेघेच्या आत, १० ते १२ मिमीचं बिट घाला. बिटाचं टोक पलीकडे दिसलं की थांबा आणि उरलेलं भोक पलीकडून पाडा. मग जिगसॉनं रेघेच्या आतून कापा आणि कानशीनं रेघेपर्यंत या. उघड्या पडलेल्या लाकडाला प्राइमर किंवा वॉर्निशचे दोन हात द्यायचेच. सुतार घाईत हेच सोडतात. मग जुलैत कड फुगते, चौकट दबते आणि झडप घासू लागते. स्क्रू आवळताना चारही थोडे थोडे, आळीपाळीनं आवळा. मधूनमधून झडपेला बोट लावून ती मोकळी झुलते का ते पाहा. सिलिकॉन बाहेरून वर आणि दोन्ही बाजूंना लावा. खालची कड मोकळी ठेवा, तिथून पाणी निघून जातं.

प्रश्न : आमच्या गावात तयार झडप मिळत नाही. सुताराकडून करून घेता येईल का? (अंबाजोगाई)

येईल, आणि चांगली होते. मात्र साधी बिजागरी लावू नका. ती एकाच बाजूला उघडते, त्यामुळे मांजर बाहेर जाईल आणि परत आत येऊ शकणार नाही. झडप वरच्या सळईवर लोंबती हवी.

१८ मिमी प्लायवूडची चौकट करा, आतलं माप १८ × २० सेमी. झडप ३ मिमी जाडीच्या पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची, चारही बाजूंना ३ मिमी फट सोडून, म्हणजे १७.४ × १९.४ सेमी. तिचं वजन सुमारे १२० ग्रॅम भरतं आणि मांजर ती सहज ढकलतं. हाच तुकडा १ मिमी लोखंडी पत्र्याचा केला तर अडीचशे ग्रॅमच्या वर जातो. पाठीवर आणि शेपटीवर तो जोरात पडतो, कडाही धारदार असतात. पारदर्शक असण्याचा फायदा असा की पलीकडे कोण आहे ते मांजराला दिसतं, आणि ते लवकर शिकतं.

अ‍ॅक्रिलिकच्या वरच्या कडेवर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी दुमडून छोट्या नट-बोल्टनं धरा, आणि दुमडीच्या पोकळीतून ४ मिमीची सळई चौकटीत आरपार घाला. अ‍ॅक्रिलिकला भोक पाडताना ड्रिल सावकाश फिरवा. भोक कडेपासून किमान १ सेमी आत हवं, नाहीतर तडा जातो. खालचे दोन कोपरे गोल घासा. वाऱ्यानं झडप वाजत असेल तर खालच्या कडेच्या मध्यावर लोखंडाची छोटी चकती आणि चौकटीच्या तळाला १० मिमीचं गोल चुंबक बसवा. कपाटाच्या दाराचं मॅग्नेट कॅचर नको, ते फार घट्ट धरतं. मांजर दोनदा डोकं लावून बघतं आणि पुन्हा फिरकत नाही. आतून एक सरकती फळी जरूर करा. रात्री झडप बंद करायला तीच लागते.

प्रश्न : मागचं दार लोखंडी पत्र्याचं आहे, पश्चिमेला. चालेल का? (जालना)

चालेल, पण काम फॅब्रिकेटरकडून करून घ्या. आधी दाराच्या आतल्या बाजूनं अँगलच्या पट्ट्या कुठे आहेत ते पाहा आणि त्यांच्यामधलीच जागा निवडा. ग्राइंडरची चकती गोल असते, त्यामुळे कोपऱ्यापर्यंत नेली की काप रेघेबाहेर जातो. चार कोपऱ्यांत १० मिमीची भोकं पाडा, ग्राइंडर कोपऱ्याच्या १ सेमी अलीकडे थांबवा, उरलेलं हॅक्सॉ ब्लेडनं कापा. डोळ्यांना चष्मा हवाच. कड कानशीनं मारून त्याच दिवशी रेड ऑक्साइड लावा आणि वरून यू आकाराचं रबर बसवा.

तयार झडपा जाड दारासाठी केलेल्या असतात. एक-दीड मिमीच्या पत्र्यावर त्यांचे स्क्रू घट्ट बसत नाहीत. म्हणून आतून १८ मिमी प्लायची चौकट लावून पत्रा मधे धरा. याचा दुसराही उपयोग आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि पश्चिमेच्या पत्र्याला दुपारी हात लागत नाही. मांजराचं पोट आणि पंजे पत्र्याला टेकता कामा नयेत. बाहेरून दोन फुटांचा छज्जा किंवा तट्ट्याची सावली केली तर झडपेचं प्लास्टिकही लवकर ठिसूळ होत नाही.

प्रश्न : घर शेताला लागून आहे. झडपेतून साप-विंचू आत येतील अशी घरच्यांना भीती वाटते. (परभणी जिल्हा)

भीती रास्त आहे. झडप साप अडवू शकत नाही. हलकी झडप तो ढकलू शकतो, आणि विंचवाला ३ मिमीची फटही पुरते. मण्यार तर रात्रीच हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसांना चावते. म्हणून शेतवस्तीवरच्या घरात आमचा आग्रह एकच आहे : दिवस मावळला की झडप बंद.

तयार झडपांना बहुधा चार स्थितींची कडी असते : दोन्हीकडे मोकळी, फक्त आत, फक्त बाहेर, पूर्ण बंद. मांजराला रोजचं मुख्य जेवण संध्याकाळी एकाच वेळी द्या आणि त्याआधी कडी 'फक्त आत'वर ठेवा. जेवायला आलेलं मांजर मग घरातच राहतं आणि तुम्ही झडप पूर्ण बंद करू शकता. रात्रीसाठी आत मातीचा ट्रे ठेवा. झडपेच्या बाहेर दोन मीटरपर्यंत सरपण, विटांचा ढीग, कडबा काही नको. झडपेची जागा झोपायच्या खोलीत तर मुळीच नको. मांजर अर्धमेला उंदीर आणि कधी सापाचं पिल्लूही तोंडात धरून आत आणतं.

कुणाला साप चावलाच तर चिरा देऊ नका, आवळून बांधू नका. तो भाग हलू न देता १०८ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय गाठा.

प्रश्न : आमचा माळवदाचा जुना वाडा आहे. दार नक्षीचं, ते कापवत नाही. भिंतीत भोक पाडलं तर? (धाराशिव जिल्हा)

दगड-मातीच्या भिंतीत पाडू नका. या भिंती दोन पदरी असतात. आत आणि बाहेर दगड, मधे माती-गोट्यांची भर. एक दगड काढला की मधली भर ढासळू लागते आणि वरचे दगड सुटतात. वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, ओझं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात किल्लारी परिसरात अशाच भिंती माणसांवर कोसळल्या. मांजरासाठी ही जोखीम घेण्याचं कारण नाही. खिडकीचा एक गज काढून तिथे फळी बसवा आणि झडप त्या फळीत घ्या. विटांच्या, सिमेंटमध्ये बांधलेल्या ९ इंची भिंतीत मात्र गवंड्याकडून बोगदा करून घेता येतो. त्याचा तळ बाहेरच्या बाजूला उतरता ठेवायला सांगा, नाहीतर पावसाचं पाणी घरात येतं.

प्रश्न : तळमजल्यावर भाड्याचा फ्लॅट आहे. घरमालक दार कापू देत नाहीत. शिवाय शेजारचा बोका येऊन आमच्या मांजराचं खातो. (छत्रपती संभाजीनगर)

सरकत्या खिडकीच्या ट्रॅकमध्ये खिडकीइतक्याच उंचीची आणि ३० सेमी रुंद अशी ६ मिमी अ‍ॅक्रिलिकची किंवा १२ मिमी प्लायची पट्टी उभी बसवा. झडप त्या पट्टीत घ्या आणि काच सरकवून पट्टीला भिडवा. खिडकीची मूळ कडी आता लागणार नाही, म्हणून ट्रॅकमध्ये मापाची काठी आडवी टाका. घर सोडताना पट्टी काढून न्या. खिडकीची काच टफन्ड असेल तर तिला भोक पाडायचा प्रयत्नच करू नका, पूर्ण काच भुगा होऊन खाली येते.

बोक्यासाठी आधी खाण्याची वाटी झडपेजवळून हलवून आतल्या खोलीत न्या. तरी तो आला तर मायक्रोचिप ओळखणारी झडप घ्या. पशुवैद्य मांजराच्या खांद्यांमधल्या कातडीखाली १५ आकडी क्रमांकाची चिप घालतात, आणि झडप तेवढ्याच मांजराला आत घेते. झडप बॅटरीवर चालते, चिपला बॅटरी लागत नाही. चिपमुळे हरवलेलं मांजर कुठे आहे ते मात्र कळत नाही, तो गैरसमज आहे. ही झडप पत्र्याच्या दारात नीट वाचत नाही, भोवती लाकूड किंवा प्लास्टिक हवं. मांजराच्या गळ्यातल्या पट्ट्यातल्या चुंबकावर उघडणाऱ्या झडपाही मिळतात. त्या स्वस्त असतात, पण चुंबकाला खिळे-टाचण्या चिकटतात, आणि तसाच पट्टा घातलेलं दुसरं मांजरही आत येतं.

प्रश्न : झडप बसवून महिना झाला, पण मांजर तिच्यातून जातच नाही. हातानं ढकललं तर पळून जातं. (नांदेड)

ढकलणं आजपासून बंद करा. झडप दोरीनं वर बांधून आठवडाभर पूर्ण उघडी ठेवा आणि सुकट पलीकडे ठेवून हाक मारा. मांजर बिनधास्त जाऊ लागलं की झडप अर्ध्यावर आणा, म्हणजे तिची कड पाठीला घासेल. तीन-चार दिवसांनी पूर्ण सोडा, पण चुंबकावर चिकटपट्टी लावून ठेवा. अनेक मांजरांना 'टक' असा आवाज नको असतो. पुढच्या आठवड्यात पट्टी काढा. एवढं करूनही अडलं तर पुन्हा जमिनीपासून भोकाची उंची मोजा. कित्येकदा हट्ट मांजराचा नसतो, एक वीट कमी पडलेली असते.

आणि मोकळं फिरू देण्याआधी नसबंदी करून घ्या. भाटी (मादी) चार-पाच महिन्यांतच गाभण राहू शकते. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात सुरू करून दरवर्षी द्या. पोट वाढलेली भाटी असेल तर ती व्यायेपर्यंत झडप बांधून वर ठेवा.