दुकानाला डेबियन, लेकीला टम्बलवीड

प्रश्न : मॅडम, बार्शीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि काउंटरवरच्या दोन संगणकांवर विंडोज ११ चढत नाही, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकायचं ठरवलंय. एका मित्राने डेबियन स्टेबल हा लिनक्सचा स्थिर प्रकार सुचवला. भाचा म्हणतो, त्यातली सॉफ्टवेअरं दोन-दोन वर्षं जुनी असतात, ती सुरक्षित कशी? रोलिंग घ्या, म्हणजे नवं सॉफ्टवेअर सतत येत राहणारं लिनक्स, सगळं ताजं मिळतं. मी दुकानात सकाळीच असतो, नंतर कामाला ठेवलेला मुलगा सांभाळतो, त्याला यातलं काही येत नाही. लेक यंदा इंजिनीअरिंगला गेली, तिला नवा लॅपटॉप घेतलाय. तिच्यासाठी काय घ्यावं? – एक वाचक, बार्शी

उत्तर : तुमचं उत्तर कामाच्या मुलाबद्दलच्या तुमच्या वाक्यातच आहे. दुपारी तीन वाजता काउंटरवर सहा माणसं उभी असताना काही अडलं, तर संगणकासमोर तो एकटा असणार. दुकानात डेबियन स्टेबलच टाका.

मी कॉलेजची संगणक प्रयोगशाळा सांभाळते. काही वर्षांपूर्वी माझ्या टेबलावरच्या संगणकावर मी एक रोलिंग प्रणाली वापरत होते. सबमिशनच्या दिवशी सकाळी चहा घेता घेता अपडेट केलं आणि रीस्टार्ट न करता कामाला लागले. तासाभराने एक विद्यार्थिनी पेनड्राइव्ह घेऊन आली. लावला, दिवा लुकलुकला, पण फोल्डर काही उघडेना. दुसरा लावला, तेच. पोरगी रडकुंडीला आली, तिला वाटलं आपली फाइलच गेली. झालं होतं असं, की अपडेटमध्ये नवं कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आलं आणि जुन्याची मॉड्यूल्स, म्हणजे लागतील तसे जोडायचे त्याचे सुटे भाग, डिस्कवरून पुसली गेली. चालू मात्र जुनंच कर्नल होतं. पेनड्राइव्ह वाचायला लागणारं मॉड्यूल ते शोधत होतं, आणि ते जागेवर नव्हतं. रीस्टार्ट केल्यावर दोन मिनिटांत सगळं सुरळीत झालं. मला कारण माहीत होतं म्हणून दोन मिनिटं. तुमच्या मुलाची अख्खी दुपार गेली असती, आणि गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात.

भाच्याची शंका मात्र रास्त आहे, ती नीट समजून घ्या. डेबियनची नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. १२ वी, बुकवर्म, जून २०२३ मध्ये आली आणि १३ वी, ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ ला. मधल्या काळात पॅकेजचे, म्हणजे त्यातल्या एकेका सॉफ्टवेअरचे, आवृत्ती क्रमांक जवळजवळ गोठलेले असतात. पण एखाद्या पॅकेजात सुरक्षेचं भगदाड सापडलं, की डेबियनची मंडळी नव्या आवृत्तीतली तेवढी दुरुस्ती काढून जुन्या आवृत्तीला लावतात. सदऱ्याची शिवण उसवली तर तेवढाच टाका घालायचा, सदरा बदलायचा नाही. म्हणून क्रमांक जुना दिसतो, आणि भोक बुजलेलं असतं. ब्राउझरला तर वेगळीच वागणूक आहे. फायरफॉक्सची ईएसआर, म्हणजे जास्त काळ सांभाळली जाणारी, आवृत्ती स्टेबलमध्येही पुढे सरकत राहते, त्यामुळे फॉर्मच्या वेबसाइटी अडणार नाहीत. हे सगळं एका आवृत्तीला तीन वर्षं आणि पुढे एलटीएस, म्हणजे लांबवलेला सपोर्ट, म्हणून आणखी दोन वर्षं मिळतं.

ताजं म्हणजे सुरक्षित, असंही नाही. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस्क्यूएल नावाच्या डेटाबेसच्या प्रोग्रामरने उघड केलं, की एक्सझेड या फाइली आवळून ठेवणाऱ्या साध्या पॅकेजात कोणीतरी चोरदरवाजा बसवलाय. एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या संगणकावर दुरून, लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याच्या मागे तो हात धुऊन लागला म्हणून हे कळलं. बाधित आवृत्त्या होत्या ५.६.० आणि ५.६.१. त्या डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल या स्टेबलच्या आधीच्या, नवं सॉफ्टवेअर आजमावायच्या शाखांत पोचल्या होत्या, टम्बलवीड या रोलिंग लिनक्समध्येही. स्टेबलपर्यंत पोचल्याच नव्हत्या. पण तो अर्धा सेकंद खटकला तो नवं वापरणाऱ्या माणसालाच, आणि त्याच्यामुळे आपण सगळे वाचलो. रोलिंग वापरणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे तो यामुळे.

‘मधला मार्ग म्हणून टेस्टिंग घ्या’ असंही कोणी सांगेल. दुकानासाठी घेऊ नका. सुरक्षेची दुरुस्ती बहुधा आधी अनस्टेबलमध्ये जाते, तिथे काही दिवस थांबते आणि मग टेस्टिंगला येते. म्हणजे कधी कधी तुम्ही स्टेबल आणि अनस्टेबल दोन्हींच्या मागे राहता.

आता लेकीचं. तिला मी रोलिंगच सुचवेन. अगदी नव्या लॅपटॉपचं वायफाय जुन्या कर्नलला कित्येकदा ओळखता येत नाही, आणि तिला कंपायलरही, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत बदलणारी सॉफ्टवेअरं, नवे लागतील. ओपनसूसे टम्बलवीड घ्या. त्याचा प्रत्येक स्नॅपशॉट, म्हणजे अपडेटचा एकेक संच, बाहेर पडण्याआधी ओपनक्यूए नावाच्या यंत्रणेवर आपोआप तपासला जातो. शिवाय नेहमीच्या पद्धतीने बीटीआरएफएसवर (डिस्कवर फाइली मांडायची एक पद्धत) बसवलं, तर अपडेटच्या आधी यंत्रणेची नोंद जपून ठेवली जाते. काही बिघडलं तर सुरू होतानाच्या मेनूतून कालची नोंद निवडायची आणि काम चालू ठेवायचं. ते कसं करायचं, हे तिला पहिल्याच आठवड्यात, काही बिघडलेलं नसताना, एकदा करून बघायला सांगा. त्या नोंदीत तिच्या स्वतःच्या फाइली नसतात, त्यांचा बॅकअप वेगळा घ्यायचा. अपडेट करायचं ते सगळं एकत्र, ‘झिपर डप’ या आज्ञेने, एखादंच पॅकेज पुढे ढकललं तर बाकीच्यांशी त्याचं जुळत नाही. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री अपडेट नाही म्हणजे नाही.

दुकानात ‘अनअटेंडेड अपग्रेड्स’ चालू करा, सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येतील. नवी आवृत्ती आली की लगेच उडी मारू नका, वर्षभर हातात असतं. दिवाळीनंतरचा एखादा मोकळा रविवार त्यासाठी काढा, आणि त्या दिवशी तुम्ही स्वतः बसा. गिऱ्हाइकं कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या फाइली आणत असतील, तर एक संगणक विंडोज ११ चा लागेलच, ते काम लिनक्सवर ढकलू नका.

डिस्क पुसण्याआधी डेबियनची लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारी, आवृत्ती पेनड्राइव्हवरून चालवा, दोन्ही प्रिंटर जोडा आणि एक मराठी पान छापा. त्यात ‘वऱ्हाड’, ‘कार्यकर्त्यांचा’, ‘ज्ञानेश्वरी’ हे शब्द असू द्या. ते नीट उमटले, की मग इन्स्टॉलचं बटण दाबा.