सायकलवर पाणी पिणं: आधी एवढं जमव

भावा, संभाजीनगर ते वेरूळचा बेत झकास आहे, पण दौलताबादच्या घाटात पहिल्यांदा बाटली काढू नकोस. आधी मोकळ्या मैदानावर शीक. एका हाताने सरळ चालव. मग नजर समोर ठेवून नुसता बाटलीला हात लाव, पुढे काढ-ठेव कर, शेवटी पी. हँडलवरचा हात स्टेमजवळ, म्हणजे हँडल मधोमध जिथे जोडलेलं असतं तिथे हवा. टोकाला धरलास तर वाकताना चाक वळतं. तिथून ब्रेक मात्र पोचत नाही, म्हणून रस्ता सपाट आणि रिकामा असेल तेव्हाच. खड्डे, उतार किंवा उसाचा ट्रॅक्टर दिसला की दोन्ही हात हँडलवर!

नवे लोक इथे चुकतात:
- मान मागे टाकून पितात. बाटली बाजूने तिरकी धरून दाब, रस्ता दिसत राहतो.
- तहान लागेपर्यंत थांबतात. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात दर 15 मिनिटांनी दोन-तीन घोट घेच. एका बाटलीत लिंबू, मीठ, साखर घाल.
- चालत्या सायकलवर पुडा फोडतात. चिक्कीचे तुकडे घरूनच सुटे करून जर्सीच्या खिशात ठेव.

तासाभराच्या फेरीला खाणं लागतही नाही. पहिले काही महिने बाजूला थांबूनच खा.