कोकणात कॉलेजच्या अ‍ॅडमिशन विभागात नोकरी धरावी का? पुढे काही करिअर आहे का?

तुम्ही लिहिलंय की बी.कॉम. झालंय, घर कणकवलीजवळ आहे आणि तिथल्याच एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात ‘अ‍ॅडमिशन कौन्सेलर’ म्हणून बोलावलंय. मी याच जिल्ह्यात दुसऱ्या एका कॉलेजच्या प्रवेश विभागात आहे. धरा नोकरी, पण आधी पगार कसा ठरतो ते विचारा. महिन्याचा ठरलेला असेल तर ठीक. ‘इतकी अ‍ॅडमिशन आणा, मग बघू’ असं असेल तर ते काम विक्रीचं आहे. पाटी दोन्हींवर एकच असते.

फरक कुठे पडतो बघा. खाजगी विनाअनुदानित कॉलेजातल्या बहुतेक जागा सीईटी सेलच्या (राज्याची प्रवेश परीक्षा घेणारं कार्यालय) कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून भरतात, थोड्या संस्था स्तरावर, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं. समजा एक ओबीसी मुलगी आहे, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत. २०२४-२५ पासून अशा मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन फी पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून झाला तरच. टार्गेटच्या मागे लागलेला माणूस तिला ‘सीट पक्की करून टाका’ म्हणत आधीच संस्था स्तरावर बसवतो आणि चार वर्षांची फी बापाच्या बोकांडी बसते. असल्या खुर्चीत तुम्ही बसू नये असं मला वाटतं.

खरं काम कागदांचं. जुलै महिना, बाहेर पाऊस कोसळतोय, लाईट गेलेली, फॉर्मची मुदत संध्याकाळपर्यंत, आणि समोर बाजाराच्या पिशवीत सगळे दाखले घेऊन आलेले काका विचारतात, “ह्यां चलात मा?” नॉन-क्रिमिलेअर दाखल्याची (उत्पन्न मर्यादेत असल्याचा) मुदत गेल्या मार्चलाच संपलेली. पोराच्या दाखल्यावर आडनाव एक, आजोबांच्या नोंदीत दुसरंच.

चाकरमान्यांच्या मुलांचा घोळ आणखी मोठा. मुलगा जन्मला, शिकला डोंबिवलीत, पण जातीचा दाखला बहुधा गावावरूनच काढावा लागतो, कारण ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ किंवा त्याआधी घराणं कुठे राहत होतं ते बघतात. (अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१. या तारखा पाठच करा.) पुरावा सापडतो तो आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात. मुख्याध्यापकांकडून उतारा, प्रांत कार्यालयातून दाखला, मग जात पडताळणी समितीकडून व्हॅलिडिटी, म्हणजे दाखला खरा असल्याचं प्रमाणपत्र. त्यात महिने जातात. त्यामुळे पोरं अकरावीत असतानाच ज्युनिअर कॉलेजांत जाऊन हे सांगणारा माणूस कॉलेजला हवाच असतो. जाहिरातीपेक्षा त्यानेच जास्त मुलं येतात, कारण मोठ्या भावाचं काम झालं की धाकटीला घेऊन पालक त्याच टेबलाशी येतात.

वरची वाट हळू आहे. आधी क्लार्क, मग विभागाची जबाबदारी, नशीब आणि व्यवस्थापन बरं असेल तर रजिस्ट्रारपर्यंत. सुरुवातीचा पगार फार नसतो. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं पहिला, तरी चांगले मार्क पडले की पोरं पुणे, मुंबई, कोल्हापूर गाठतात. मग इथल्या कॉलेजांत जागा रिकाम्या राहतात आणि त्याचा ताण तुमच्याच टेबलावर येतो. हे काम येत असेल तर पुण्या-मुंबईतही मागणी आहे, आणि पुढे स्वतःचं मार्गदर्शन केंद्रही काढता येतं. फक्त मेडिकलचे नियम निराळे, ते वेगळे शिकावे लागतात.

आणि हो, राउंड लांबले की थेट गणपतीत येतात. रजेचं आधीच बोलून ठेवा, नाहीतर घरची आरती फोनवर ऐकावी लागेल.

मुलाखतीला जाण्याआधी सीईटी सेलच्या संकेतस्थळावरची इंजिनिअरिंग प्रवेशाची माहितीपुस्तिका उतरवून घ्या. आरक्षण, टीएफडब्ल्यूएस (ट्यूशन फी माफीची योजना) आणि प्रवेश रद्द केल्यावर फी परत मिळण्याचे नियम एवढं तरी नीट वाचा. मुलाखत घेणाऱ्यांपैकी सगळ्यांनी ते वाचलेलं असेलच असं नाही.