९० टक्के सहमती, तरी कप्पा शून्याखाली का?

तुमचा प्रश्न असा: आजारी माणसाची काळजी घेणाऱ्यांच्या मुलाखती तुम्ही आणि मैत्रिणीने स्वतंत्रपणे कोड केल्या, म्हणजे उताऱ्यांना विषयाची लेबलं लावली, 'मदत मागणे' या कोडवर ९० टक्के सहमती आली, पण कोहेनचा कप्पा, म्हणजे योगायोगाने होणारी जुळणी वजा करून सहमती मोजणारा आकडा, शून्याखाली गेला. गणित चुकलं का?

बहुतेक नाही. १०० उतारे धरा. ९० ठिकाणी दोघींनीही कोड लावला नाही, ५ ठिकाणी फक्त तुम्ही लावलात, ५ ठिकाणी फक्त मैत्रिणीने. कोड इतका विरळ असला की नुसत्या योगायोगानेच ९०.५ टक्के जुळणी अपेक्षित असते, म्हणून कप्पा साधारण उणे ०.०५ येतो. आणि तो खरं तेच सांगतोय: जिथे कोड लावायची वेळ आली, तिथे तुमचं एकदाही जुळलेलं नाही. प्रबंधात नुसती टक्केवारी कृपया देऊ नका.

आता ते १० उतारे समोर घेऊन बसा. खरं काम इथे आहे. समजा, वाक्य आहे: "शेवटी बहिणीला फोन केला, ती म्हणाली बघू." एकीला यात मदत मागणं दिसतं. दुसरी म्हणते, फोन केला एवढंच आहे, मागितलं कुठे? वाचन दोघींचंही ठीक आहे, व्याख्या अर्धवट आहे. मागणी स्पष्ट शब्दांत हवी की संदर्भावरून चालेल, हे कोडबुकात, म्हणजे कोडांच्या व्याख्यांच्या यादीत, लिहा. कोड कधी लावायचा नाही तेही लिहा, आणि हेच काठावरचं वाक्य उदाहरण म्हणून द्या. चर्चेत ज्येष्ठ व्यक्तीचं म्हणणं मान्य करून विषय संपवू नका. तसं केलं की आकडा सुधारतो आणि व्याख्या होती तशीच राहते.

पुढचा कप्पा त्याच उताऱ्यांवर काढू नका, चर्चा झालेली वाक्यं डोक्यात असतात. अजून कोड न केलेल्या मुलाखती निवडा, पुन्हा वेगवेगळ्या बसून कोड करा. उतारा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे मात्र आधी ठरलेलं हवं. जुन्या मुलाखतीही नव्या व्याख्येने परत कोड कराव्या लागतील. कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

किती कप्पा पुरे? कप्पा किती चांगला हे सांगणाऱ्या लँडिस आणि कॉख यांच्या १९७७च्या पट्ट्यांत ०.६१च्या पुढे सहमती भरीव मानतात. सहमती मोजणारा दुसरा आकडा, क्रिपेनडॉर्फ यांचा अल्फा, वापरलात तर ०.८० धरा. ब्राउन आणि क्लार्क यांच्या पद्धतीचं रिफ्लेक्सिव्ह थीमॅटिक अ‍ॅनालिसिस (संशोधकाचं स्वतःचं वाचन विश्लेषणाचा भाग मानणारी पद्धत) करत असाल, तर कप्पा त्या पद्धतीत बसतच नाही. मार्गदर्शकांशी आधी तेवढं बोलून घ्या.