मैदानात येशूचे आभार मानणारे खेळाडू खऱ्या आयुष्यातही तसेच असतात का?

जेमिमा रॉड्रिग्जने विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यानंतर येशूचे आभार मानले, त्यावरून तुम्ही विचारलंय की अशा ख्रिस्ती खेळाडूंचं चारित्र्य खरंच वेगळं असतं की हे सगळं कॅमेऱ्यापुरतं.

मी मराठी ख्रिस्ती घरातली, रविवारची उपासना न चुकवणारी आणि वर क्रिकेटवेडी. तेव्हा माझ्याकडून सरळ ‘हो, वेगळं असतं’ असं उत्तर अपेक्षित असेल. ते मला देता येत नाही, आणि त्याचं कारण हॅन्सी क्रोनिए.

आधी जेमिमाचं. ३० ऑक्टोबर २०२५, नवी मुंबई, ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचा पाठलाग आणि तिच्या नाबाद १२७. आभाराचं वाक्य सगळ्यांनी उचललं, काहींनी त्यावरून तिला शिव्याही घातल्या. मला त्याच मुलाखतीतलं दुसरं बोलणं जास्त मोलाचं वाटलं. याच स्पर्धेत तिला एका सामन्यात बाहेर बसवलं होतं. आपण जवळजवळ रोज रडत होतो, मनावर प्रचंड ताण होता, हे तिने जिंकल्यावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं. शतकवीराला असं काही सांगायची गरज नसते.

आता क्रोनिए. दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार, सगळ्यांना ठाऊक असलेला श्रद्धावान ख्रिस्ती. ‘येशूने काय केलं असतं?’ असं विचारणारी पट्टी मनगटावर बांधणारा. याच माणसाने मार्च २००० मध्ये नागपूरच्या एकदिवसीय सामन्याआधी हर्शेल गिब्स आणि हेन्री विल्यम्स यांना प्रत्येकी १५,००० डॉलर देऊ केले. गिब्सने वीसच्या आत बाद व्हायचं, विल्यम्सने पन्नासहून जास्त धावा द्यायच्या. दोघे हो म्हणाले. पुढे गिब्सने ५३ चेंडूंत ७४ ठोकल्या आणि विल्यम्स दुसऱ्याच षटकात खांदा दुखावून बाहेर गेला, म्हणून तो बेत फसला. मला सगळ्यात जास्त सलतं ते हे की दोघेही गोरे नव्हते. वर्णभेदाची राजवट जाऊन तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती, आणि गोऱ्या कर्णधाराने गळ टाकायला नेमके हे दोघे निवडले.

क्रोनिए सट्टेबाजांकडून पैसे घेऊन सामने फिरवतो, हे प्रकरण दिल्ली पोलिसांनी बाहेर काढलं तेव्हा त्याने आधी साफ कानांवर हात ठेवले. चार दिवसांनी भल्या पहाटे दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट मंडळाच्या प्रमुखांना फोन करून काही गोष्टी कबूल केल्या. जूनमध्ये या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या किंग आयोगापुढे त्याने जे सांगितलं त्याचा आशय असा, की येशूवरची आपली नजर ढळली आणि सैतानाने ताबा घेतला. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच विश्वासू मंडळींना हे बोलणं हेलावून गेलं. मला नाही पटत. सैतानाच्या नावावर बिल फाडलं की पैसे कोणाच्या खिशात गेले हा प्रश्न मागे पडतो. पण त्याने पैशाचा मोह असल्याचंही मान्य केलं होतं, आणि त्याची श्रद्धा निव्वळ नाटक होती असं मला वाटत नाही. ती खरी होती, तरी त्याने पैसे घेतले. ऑक्टोबरमध्ये आजन्म बंदी आली आणि १ जून २००२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, विमान अपघातात तो गेला.

उलट बाजूला ब्रिटनचा तिहेरी उडीपटू जोनाथन एडवर्ड्स. रविवारी उडी मारणार नाही म्हणून त्याने १९९१ ची जागतिक स्पर्धा सोडली. नंतर मत बदललं, १९९५ मध्ये तिहेरी उडीत १८.२९ मीटरचा विक्रम केला, सिडनीत सुवर्ण जिंकलं. निवृत्तीनंतर त्याची श्रद्धाच गेली आणि ते त्याने उघड सांगितलं. आधीही प्रामाणिक, नंतरही प्रामाणिक. याचा हिशेब आमच्या मंडळींना जरा अवघड जातो.

मग श्रद्धेने काहीच होत नाही का? होतं. त्यासाठी डेव्हिड शेफर्ड बघा. १११ धावा झाल्या की पाय उचलणारे पंच नव्हेत, इंग्लंडचे सलामीवीर. हे दीक्षा घेतलेले धर्मगुरू, पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत काम करणारे. १९६२-६३ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ते झेल फार सोडायचे, तेव्हा संघातला गोलंदाज फ्रेड ट्रूमन म्हणाला म्हणे, ‘रविवार आहे असं समजा आणि हात जोडा!’ त्याच दौऱ्यात मेलबर्नला पहिल्या डावात शून्य आणि दुसऱ्यात ११३.

पण शेफर्ड मला आवडतात ते १९६० साठी. दक्षिण आफ्रिकेचा फक्त गोऱ्यांचा संघ इंग्लंडला आला, तेव्हा त्याच्याशी खेळणार नाही असं त्यांनी जाहीर केलं. १९६८ मध्ये इंग्लंडकडून खेळणाऱ्या, मूळच्या दक्षिण आफ्रिकेच्या आणि गोऱ्या नसलेल्या बेसिल डॉलिव्हेराला दक्षिण आफ्रिका दौऱ्याच्या संघातून आधी वगळलं गेलं, त्या प्रकरणात तर ते थेट एमसीसीच्या, म्हणजे इंग्लंडचा संघ दौऱ्यावर पाठवणाऱ्या क्लबच्या, विरोधात उभे राहिले. ती सगळी त्यांच्याच वर्तुळातली, ओळखीची माणसं. डिसेंबरमध्ये क्लबच्या विशेष सभेत त्यांनी या प्रकरणावरून एमसीसीविरुद्ध ठराव मांडला, पुढे इंग्लंडचा कर्णधार झालेल्या तरुण माइक ब्रेअरलीने अनुमोदन दिलं, आणि ठराव पडला. शेफर्ड गप्प बसले नाहीत. १९७० चा दक्षिण आफ्रिकेच्या संघाचा इंग्लंड दौरा थांबवण्याच्या मोहिमेत ते पुढे होते, आणि तो दौरा सरकारने सांगितल्यावर शेवटी रद्द झाला.