जुन्या अ‍ॅम्बेसेडरचे ब्रेक घाट उतरताना गेले तर गाडी कशी थांबवायची?

पेडल पटापट तीन-चार वेळा पूर्ण दाबा. ब्रेक शूची (ड्रमला आतून घासून चाक अडवणारी पट्टी) गॅप वाढली असेल किंवा ब्रेक ऑइलमध्ये हवा असेल, तर थोडा दाब परत येतो. पेडल थेट तळाला जात असेल तर वेळ घालवू नका. जुन्या मॉडेलमध्ये चारही चाकांना एकच हायड्रॉलिक लाइन (ब्रेक ऑइलची नळी) असते. एक व्हील सिलिंडर (चाकातला, ऑइलच्या दाबाने ब्रेक शू ढकलणारा) गळला की सगळेच ब्रेक जातात.

लगेच एकेक गिअर उतरवा: चौथ्यातून तिसरा, मग दुसरा. चालत्या गाडीत पहिला जबरदस्तीने घालू नका. जुन्या गिअरबॉक्समध्ये पहिल्याला सिंक्रोमेश (चालत्या गाडीत गिअरचा वेग जुळवून तो अलगद बसवणारी यंत्रणा) नसतो. तो बसत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये सुसाट सुटते. इंजिन बंद करू नका, क्लच दाबून ठेवू नका.

हँडब्रेक केबलवर चालतो, म्हणून तो शाबूत असतो. बटण दाबून धरूनच हळूहळू ओढा; मागची चाके लॉक होऊन गाडी घसरू लागली तर तत्क्षणी सैल करता येतो. हॉर्न, हेडलाइट चालू. तरीही थांबेना तर डोंगराच्या बाजूला दरडीला किंवा मातीला तिरकी घासत न्या, दरीकडे कधीच नाही.

पेडल कडक पण गाडी थांबत नाही, असे असेल तर ब्रेकचे ड्रम (चाकासोबत फिरणारी लोखंडी भांडी) तापलेत. थांबल्यावर त्यांच्यावर पाणी ओतू नका, तडा जातो. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला.