रात्री दोन वाजता तिथे जागं कोण असतं?

"मॅडम, चांगला, सुरक्षित वृद्धाश्रम कसा ओळखायचा?" मी समुपदेशक. पन्नाशी-साठीतली माणसं हल्ली सारखी हा प्रश्न घेऊन येतात. फोनवर विचारणाऱ्यांना पत्ते हवे असतात. समोर येऊन बसणारे मात्र दहा मिनिटांत रडू लागतात, आणि पत्त्यांचा विषय बाजूला राहतो.

ठाण्याच्या एका गृहस्थांचा अनुभव सांगते (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). वडील लवकर गेले. शाळेत शिकवणाऱ्या अविवाहित आत्याने यांना वाढवलं. आत्या आता ब्याऐंशीची, पार्किन्सन्स बरीच वर्षं. रात्री बाथरूमला उठताना पडली आणि खुबा मोडला. नवरा-बायको दोघं नोकरीत, ब्युरोची बाई महिनाभरही टिकत नव्हती, रात्रीचं उठणं यांच्याकडेच. झोप नाही, बीपी वाढलेलं. तरी पालुपद एकच : "जिने मला वाढवलं तिला मी आश्रमात टाकू?"

पहिल्या काही भेटी या 'टाकू'भोवतीच फिरल्या. मी कायद्याचीही मदत घेतली. ज्येष्ठांच्या देखभालीचा 2007 चा कायदा निपुत्रिक ज्येष्ठाची जबाबदारी त्याची मालमत्ता मिळणाऱ्या, ऐपत असलेल्या नातेवाइकावर टाकतो. अन्न, वस्त्र, निवास, औषधोपचार ही त्यातली देखभाल. ती आपल्याच घरात करा, असं कुठेही म्हटलेलं नाही. त्यांनी मान डोलावली. पटलं मात्र नाही. कायद्याने मन मोकळं होत असतं तर आमची गरजच उरली नसती!

खरी गाठ सुटली ती भलत्याच ठिकाणी. बदलापूर, कर्जत, पनवेल असे बरेच आश्रम ते पाहून आले होते. मी वर्णन करायला सांगितलं.

"कर्जतचं उत्तम आहे. मोठी बाग, विठ्ठलाचं देऊळ, संध्याकाळी भजन."

"रात्री दोन वाजता तिथे जागं कोण असतं?"

"म्हणजे?"

"आत्या बाथरूमला उठली, तर हाक कोणाला मारायची?"

"विचारलं नाही."

"गोळ्या कोण देतं?"

"तेही नाही विचारलं." थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "इतकं खोलात विचारलं असतं तर त्यांना वाटलं असतं, मी खरंच ठेवायला आलोय."

"मग कशाला गेला होतात?"

ते हसले. माझ्यासमोर पहिल्यांदाच. मग बराच वेळ दोघंही गप्प होतो, आणि मी ती शांतता मोडली नाही. अशा वेळी बोलायची घाई न करणं मला आता जमतं. शेवटी म्हणाले, "मी बाग माझ्यासाठी बघत होतो."

तेव्हापासून हे मी प्रत्येक कुटुंबाला सांगते. अपराधी वाटणारा माणूस जागा तपासायला अगदी कुचकामी असतो. देऊळ, झोपाळा, रंगवलेल्या भिंती बघून तो स्वतःची समजूत घालतो. कठीण प्रश्न विचारत नाही, कारण विचारणं म्हणजे निर्णय घेणं. पुढे तर आणखी वाईट होतं. जाऊन यायचा त्रास होतो म्हणून भेटी कमी होतात. आणि ज्याला भेटायला कोणी येत नाही, त्याच्याकडेच दुर्लक्ष व्हायची भीती सगळ्यात जास्त. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडलेली, म्हणजे भावनेमागचा टोकाचा विचार तपासून बदलायला शिकवणाऱ्या. वाईट जरूर वाटू दे, पण मी नालायक आहे हा शिक्का स्वतःवर मारू नका, एवढाच माझा आग्रह असतो. शिक्का निघाला की डोळे उघडतात.

त्यांचे उघडले. दुसऱ्या फेरीत ते कर्जतला न कळवता, रात्रीच्या जेवणाच्या वेळी गेले. गोळ्यांचं विचारल्यावर उत्तर मिळालं, "नाष्ट्यानंतर सगळ्यांच्या एकदमच देतो." पार्किन्सन्समध्ये हे चालत नाही. लेव्होडोपा या त्यावरच्या औषधाची गोळी ठरल्या वेळी लागते, साधारणपणे जेवणाच्या अर्धा तास आधी, कारण दूध-डाळीतली प्रथिनं तिचा असर कमी करतात. उशीर झाला की माणूस जागच्या जागी थिजतो, आणि पडतो. बागेसकट कर्जत बाद झालं.

तुम्ही बघायला जाल तेव्हा फरशीपेक्षा तिथल्या आजी-आजोबांकडे बघा. नखं कापलेली आहेत का, ओठ सुकलेत का, कोणाला ओढणीने खुर्चीला बांधलंय का. अंथरुणाला खिळलेल्यांची कूस किती वेळाने बदलता, विचारा. दर दोन तासांनी, हे उत्तर तिथल्या मावशींकडून यायला हवं, ऑफिसातून नव्हे. "आमच्याकडे कोणी कधी पडतच नाही," असं सांगणाऱ्यावर माझा अजिबात विश्वास नाही. एक तर ते नोंद ठेवत नाहीत, नाहीतर म्हाताऱ्यांना उठूच देत नाहीत. "एक आजी परवा पडल्या, हे बघा लिहिलंय," म्हणणारी जागा बरी. धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्टची नोंद असली तरी भुलू नका, त्यावरून शुश्रूषेचा दर्जा कळत नाही. करारात मात्र तीन गोष्टी शोधाच : डिपॉझिट कधी आणि किती परत मिळतं, अचानक हॉस्पिटलात न्यावं लागलं तर सोबत कोण जातं, आणि माणूस पूर्ण परावलंबी झाला तर ठेवतात की "घेऊन जा" म्हणतात. हा तिसरा मुद्दा भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही.

आणि ज्यांना राहायचंय त्यांना विचारा. आत्यांना मी एका भेटीला बोलावलं. बोलणं पुटपुटल्यासारखं, पण डोकं लख्ख. "हा रात्री उठतो तेव्हा मीही जागीच असते," म्हणाल्या. "आधी पंधरा दिवस राहून बघते. नाही आवडलं तर परत येईन, हे लिहून दे." भाच्याने लिहून दिलं.

पनवेलजवळ एका साध्या, बाग नसलेल्या जागी आत्या राहायला गेल्या आणि पंधरवड्यानंतरही राहिल्या. रात्री जागी राहणारी मावशी, खाटेजवळ बेल, संडासात धरायला दांडे. हे गृहस्थ वार ठरवून जात नाहीत. कधी सकाळी, कधी ऑफिसवरून परस्पर. अशाच एका सकाळी नव्या मावशी गोळी दुधाबरोबर देताना दिसल्या. तिथूनच त्यांनी मला फोन लावला. आवाजात रडू नव्हतं, थोडा राग होता. तक्रार तोंडी करू की लेखी, एवढंच विचारायचं होतं.

"लेखी," म्हटलं. "आणि पोच घ्या."